चेकच्या टेबलावरचे शेवटचे तीन महिने

६ जानेवारी, सोमवार

बँक दरवर्षी एक डायरी देते आणि दरवर्षी मी ती आईच्या हवाली करते. ती तिच्यात वर्तमानपत्रातली शब्दकोडी चिकटवते. यंदाची मी ठेवून घेतली, कारण आज साडेदहालाच माझं काम संपलं. एकोणीस चेक. पूर्वी एवढे चेक मी पर्स खुंटीला अडकवायच्या आत हातावेगळे करायचे.

माझं काम एका वाक्यात सांगता येतं. चेकवरची सही बघायची, कार्डावरची नमुन्याची सही बघायची आणि सांगायचं, जुळते की नाही. एकोणतीस वर्षं हेच. सगळी बँक मला सहीताई म्हणते. लोक विचारतात, कंटाळा नाही येत? नाही येत. खरी सही दोनदा अगदी सारखी कधीच उमटत नाही. हुबेहूब आली की समजायचं, कुठेतरी पाणी मुरतंय. एकदा एका भामट्याने मालकापेक्षा सुबक सही काढली होती. तेवढ्यावरून धरला त्याला.

अकराला मॅनेजरबाईंनी आत बोलावलं. त्या माझ्याहून वीस वर्षांनी लहान आणि चालायचं ते पळतच. म्हणाल्या, "ताई, बसा ना." एरवी त्या कुणाला बस म्हणत नाहीत. ३१ मार्चला आमच्या शाखेतले चेक बंद. माझं टेबलही बंद. त्यापुढे मी 'ग्राहक मदत'मध्ये जायचं, म्हणजे लोकांना फोनवरून पैसे द्यायला शिकवायचं, नाहीतर लवकर निवृत्ती घ्यायची. निवृत्तीचा फॉर्म त्यांनी माझ्या हातात दिला. पंधरा मार्चपर्यंत मुदत.

मी "बरं" म्हटलं, बाहेर आले आणि टेबल ओल्या फडक्याने पुसून काढलं. का, ते माझं मलाच ठाऊक नाही.

आईला सांगितलं. तिला एकोणऐंशीवं चालू आहे आणि सहानुभूती दाखवायची तिला पहिल्यापासूनच सवय नाही. म्हणाली, "त्या टेबलाचं काय करणार आहेत? इस्त्रीला बरं पडेल."

९ जानेवारी, गुरुवार

आज मशीनवाला येऊन गेला. चेक वाचून त्यांचे गठ्ठे लावणारं एक मशीन माझ्या शेजारी आहे, त्याच्या देखभालीचं कंत्राट याच्याकडे. महिन्यातून एक फेरी ठरलेली, पण या आठवड्यातली ही दुसरी. मशीन ठणठणीत आहे. त्याने झाकण उघडलं, फुंकर मारली, झाकण लावलं. मग परत उघडलं. अकरा चेकांच्या मशीनला पाऊण तास.

मला विचारलं, "मॅडम, या दिव्याचा डोळ्यांना त्रास होत नाही का?" मी म्हटलं, एकोणतीस वर्षं झाला नाही. तरी त्याने दिव्याची मान वाकवून दिली. बरं वाटतं खरं.

सगळी बँक मला ताई म्हणते, शिपायापासून मॅनेजरबाईंपर्यंत. हा एकटाच मॅडम. दोन अक्षरं म्हणायला काय जीभ झिजते? आढ्यताखोर दिसतो.

१५ जानेवारी, बुधवार

एक चेक परत पाठवला. घड्याळकाकांचा. गल्लीच्या टोकाला पन्नास वर्षं त्यांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांची सही म्हणजे घड्याळातल्या चाकासारखी, बारीक, गोल, दातेरी. आज आली ती सही नव्हतीच. रेघ वर जाते, थरथरते, खाली कोसळते. तीनदा भिंग लावून पाहिलं. शिक्का मारला, 'सही जुळत नाही'.

नियमाने बरोबरच केलं. मग जेवण का गेलं नाही?

१६ जानेवारी, गुरुवार

घड्याळकाका आले. काठी टेकत थेट माझ्या टेबलापाशी. उजवा हात खिशात.

"तू मला ओळखतेस ना गं?"

"ओळखते, काका."

"तुझ्या वडिलांचं घड्याळ मी दुरुस्त केलंय. तू फ्रॉकमध्ये असताना माझ्या दुकानात येऊन उभी राहायचीस. मग माझी सही ओळखत नाहीस?"

मी कार्ड काढून दाखवलं. म्हटलं, नमुना बदलून घेऊ या, नव्याने सही करा. त्यांनी खिशातला हात बाहेर काढला. तो हात बघितला आणि मला सगळं कळलं. झाडाच्या पानासारखा हलत होता. त्यांनी सहा वेळा सही केली. सहाही वेगळ्या. सातव्या वेळी पेनच खाली पडलं.

"कधीपासून, काका?"

"वर्ष झालं. घरात सून सगळं बघते. फार चांगली आहे, मला काही म्हणजे काही करू देत नाही." जरा थांबून म्हणाले, "नातीला सायकल घ्यायची होती. माझ्या पैशाने, माझ्या हाताने. दुकानदाराने चेक परत आला म्हणून सायकल पुन्हा वर टांगली. पोर कालपासून दोनदा जाऊन बघून आली."

मशीनवाला तिथेच होता (या आठवड्यात पुन्हा!). त्याने पेन उचललं आणि काकांना हात धरून रिक्षापर्यंत सोडून आला. परत आल्यावर मला म्हणाला, "तुमची चूक नाही, मॅडम." मी म्हटलं, "मला माहीत आहे." आणि उगाचच तोंड फिरवून कपाट आवरत बसले.

निवृत्तीचा फॉर्म भरला. सहीसुद्धा केली. खणात ठेवलाय.

२० जानेवारी, सोमवार

मॅनेजरबाईंनी एक यादी दिली. अजूनही फक्त चेकवर चालणारे त्रेसष्ट ग्राहक. "ताई, मार्चअखेर यातला एकही मागे राहता कामा नये. सगळ्यांना फोनवर आणायचं. तुमच्याइतकं यांना कोणी ओळखत नाही." मला घालवायचंच आहे, तर जाता जाता पिळूनही घ्यायचं, असा हिशेब दिसतो.

खरी गंमत पुढेच आहे. माझ्याकडचा फोन बटणांचा आहे. त्यावर बोलता येतं आणि घड्याळ दिसतं, बस. हे बँकेत कुणाला ठाऊक नाही. आंधळ्याने वाट दाखवायची ती अशी.

२३ जानेवारी, गुरुवार

नवा फोन घेतला. दुकानातल्या मुलीने चालू करून दिला आणि घरी आणेपर्यंत तो बंद पडला. आई म्हणाली, "पाहुणा लाजतोय." दोघींनी मिळून संध्याकाळभर खटपट केली. शेवटी त्याने आमच्या छताचे अकरा फोटो काढले.

२८ जानेवारी, मंगळवार

पकडले गेले. जेवणाच्या सुट्टीत फोन पुस्तकात लपवून शिकत होते. मागून आवाज आला, "मॅडम, तो उलटा धरलाय."

मशीनवाला. मी लालबुंद झाले. म्हटलं, कोणाला सांगितलंत तर बघा. तो हसला नाही, हे त्याचं मानायला हवं. स्टूल ओढून बसला आणि शिकवायला लागला. त्याची एक खोड चांगली आहे, माझ्या हातातून फोन काढून घेत नाही. कितीही वेळ लागो, बोट माझंच. सगळी पोरंटोरं "द्या इकडे" म्हणून हिसकावतात आणि करून टाकतात, मग शिकणार कसं?

बोलता बोलता कळलं, त्याची बायको सात वर्षांपूर्वी गेली. मुलगी लग्न होऊन परगावी असते. तिच्याशी बोलायला म्हणून तो हे सगळं शिकला.

शेवटी म्हणाला, "आता कोणाला तरी पैसे पाठवून बघा. मलाच पाठवा. एका कॉफीचे." पाठवले. खाली 'कारण' म्हणून एक रकाना येतो, त्यात 'सराव' लिहिलं. त्याच्या फोनवर टुंग वाजलं आणि मी टाळीच वाजवली! बावन्न वर्षांची बाई मी, कॉफीचे पैसे पाठवून टाळ्या वाजवते.

३० जानेवारी, गुरुवार

मशीनवाल्याने ते कॉफीचे पैसे मला परत पाठवले. कारण: 'सराव २'. बरोबरच आहे, पैसे घेतासुद्धा आले पाहिजेत. मी पुन्हा पाठवले. 'सराव ३'.

५ फेब्रुवारी, बुधवार

माझ्या टेबलाशी पहिला वर्ग भरवला. दर बुधवारी भरवायचा ठरलाय. त्रेसष्टांना फोन केले, आले चौघं. बेकरीवाल्या आजी फोनशी ओरडून बोलतात, जणू तो ऐकायला कमी येणारा दीर आहे. "अरे, पाठव की पैसे! पाठव!" शेवटी पाठवले त्याने. आजींनी सगळ्यांना बिस्किटं वाटली.

मला वाटलं होतं मी तोंडघशी पडेन. पण मला आत्ता आत्ताच येऊ लागल्यामुळे लोक नेमके कुठे अडतात ते मला आधीच ठाऊक असतं. जिथे ते घाबरतात तिथे गेल्या आठवड्यात मीच घाबरले होते.

१० फेब्रुवारी, सोमवार

सराव चालूच आहे. एकोणिसावा झाला. हल्ली मशीनवाला कारणाच्या रकान्यात काहीबाही लिहितो. परवा: 'संध्याकाळी पाऊस आहे, छत्री न्या.' काल: 'वर्ग छान घेता.' आज: 'निळा रंग छान दिसतो.' पडद्याचा रंग असावा, बँकेच्या ॲपचा निळाच आहे. मी आज निळा ड्रेस घातला होता, पण त्याचा इथे काय संबंध?

आईला वाचून दाखवलं. तिने चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"तो तुला ताई म्हणत नाही म्हणालीस ना?"

"अजूनही मॅडमच."

"शहाणा आहे," आई म्हणाली आणि शब्दकोड्यात डोकं घातलं. तिचं वय झालंय, कधी कधी तुटक बोलते.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

घड्याळकाकांच्या घरी गेले. स्वतःहून. सूनबाईंनी दार उघडलं. खरंच चांगली आहे हो, सासऱ्यांच्या पाठीला उशी, तोंडाला घोटाघोटाने दूध. पण काका त्या उशीत बुडाल्यासारखे दिसत होते.

म्हटलं, "काका, सहीशिवाय पैसे देता येतात. अंगठ्याने. शिकणार?"

"तू सांगतेस हे? सहीवाली?"

"मीच सांगते."

फोनवर अंगठा ठेवला. नाही. पुसून ठेवला. नाही. मी भिंगाने बघितलं. पन्नास वर्षं बारीक चाकं आणि पट्ट्या घासून घासून अंगठ्याच्या रेषाच गुळगुळीत झाल्यात! आधी कार्डाने नाही म्हटलं, आता फोनही नाही म्हणतोय. काका जोरात हसले, पण त्या हसण्याने मला भरून आलं.

मग चेहरा. फोनसमोर बघायचं की तो उघडतो. पण फोन धरायचा कोणी? काकांच्या हातात तो नुसता नाचतो. मी धरला तर चालतो, पण काका म्हणाले, "मग सून आणि तू यात फरक काय?"

बरोबर बोलले.

१५ फेब्रुवारी, शनिवार

अर्धा दिवस होता. मशीनवाल्याला सगळं सांगितलं. नुसतं मन हलकं करायला. तो ऐकत होता आणि बोटाने टेबलावर काहीतरी आकार काढत होता.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

त्याने लाकडाचा एक ठोकळा आणला. वर तिरकी खाच, तिला आतून मऊ कापड, खाली वजन. फोन खाचेत बसवला की हलता हलत नाही. कोपरे कानशीने घासून गोल केलेत. म्हटलं, एवढा वेळ कुठून काढलात? म्हणाला, "मशीनं कमी झाली ना, मॅडम." बिचाऱ्याचा धंदा बसला असणार. वाईट वाटलं, तसं म्हटलंही. तर म्हणाला, "छे! आता कॉफीची यंत्रं दुरुस्त करतो. बँकांपेक्षा ती जास्त बिघडतात."

मग वेळ कुठला मिळतो? माणसाच्या बोलण्यात ताळमेळ नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

ठोकळा घेऊन आम्ही दोघं काकांकडे गेलो. फोन खाचेत, काका समोर, टोपी काढून. उघडला! पण पुढे आकडे दाबायचे तर बोट भलतीकडेच जातं. तीनदा चुकलं. मी म्हणणार होते, राहू द्या. मशीनवाल्याने मला डोळ्याने थांबवलं.

काका ठोकळ्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "हा जरा मागे सरकव. मनगट टेकायला जागा हवी. घड्याळाचं काम करताना आम्ही मनगट मेजाच्या कडेला टेकवायचो. मनगट टेकलं की बोट ऐकतं."

मशीनवाल्याने ठोकळा मागे घेतला, पुढे उशीचा एक तुकडा ठेवला. काकांनी मनगट टेकवलं, दीर्घ श्वास घेतला, आणि एक एक आकडा, सावकाश, बरोब्बर दाबला. स्वतःच्या सुनेला कॉफीचे पैसे पाठवले. स्वयंपाकघरात टुंग वाजलं. ती धावत बाहेर आली, "बाबा, हे तुम्ही?" काका म्हणाले, "मग काय शेजाऱ्यांनी?"

ती रडायला लागली. मशीनवाला खिडकीतून बाहेर बघत होता. मी भिंग पुसत होते. भिंगाचं इथे काहीच काम नव्हतं.

२६ फेब्रुवारी, बुधवार

वर्गाला एकवीस जण! खुर्च्या मॅनेजरबाईंच्या खोलीतून आणाव्या लागल्या. आज जुळ्या बहिणी आल्या होत्या, सत्तरीच्या, एकाच रंगाच्या स्वेटरमध्ये. एकीचा फोन दुसरीच्या चेहऱ्यानेही उघडतो! दोघी खूश. धाकटी म्हणाली, "हिचे पैसे उडवायला बरं." मोठी म्हणाली, "बँकेला आम्ही वेगळ्या ओळखू येत नाही का?"

मी म्हटलं, "मला येता. तुम्ही सहीच्या शेवटी टिंब जोरात देता, आणि या टिंब द्यायचंच विसरतात." दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि अख्खा वर्ग हसत सुटला. मग दोघींना आकड्यांचा गुप्त क्रमांक लावून दिला. जे फोनला कळलं नाही ते मला कळतं, म्हणून दिवसभर मान ताठ होती.

७ मार्च, शुक्रवार

आज खूप निराश वाटतंय. यादीतले एकावन्न झाले. म्हणजे मी स्वतःच्या हाताने माझं टेबल एकावन्न वेळा उचलून बाहेर ठेवलं. संध्याकाळी सगळी नमुना कार्डं काढून बघितली. किती जणांची लग्नं, किती जणांची म्हातारपणं त्या कार्डांत आहेत. आता ती तळघरात जाणार.

मशीनवाल्याने पाठवलेल्या पैशांचं कारण: 'आज गप्प होता.' मी उत्तरादाखल पैसे पाठवले. कारण: 'हो.' एवढंच लिहिलं. पण कुणाला तरी लिहिलं.

१२ मार्च, बुधवार

सायकलचा दिवस!

वर्ग संपवून मी, काका, त्यांची नात आणि ठोकळा काखेत घेऊन मशीनवाला, अशी आमची वरात सायकलच्या दुकानात. दुकानदार ओशाळला होता, म्हणाला, "काका, घेऊन जा हो, पैसे नंतर..." काका म्हणाले, "नंतर नाही. आत्ता."

गल्ल्यावरच्या वस्तू बाजूला सारून ठोकळा ठेवला. काकांनी टोपी काढली, मनगट टेकवलं. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, तीही वळून बघायला लागली. एक आकडा. दुसरा. नातीने स्वतःची वेणी तोंडात धरली होती. शेवटचं बटण, आणि दुकानदाराच्या खिशात टुंग.

काका माझ्याकडे वळले. "काय गं सहीवाले? जुळलं का?"

मी म्हटलं, "जुळलं, काका."

दुकानदाराने हिरवी सायकल खाली उतरवली. पोर पहिल्या फेरीत फुलांच्या कुंडीला धडकली, उठली आणि परत बसली. काका फुटपाथवर उभे राहून काठीने दिशा दाखवत होते, "डावीकडे! अगं, डावीकडे!" त्यांचा उजवा हात खिशाच्या बाहेर होता. मुद्दाम बघितलं मी.

घरी आल्यावर मात्र रडले. शिक्का मारून मी जे अडवलं होतं ते सहीशिवाय मोकळं झालं. मग माझी एकोणतीस वर्षं कशात जमा? आईला विचारलं तसं. आई म्हणाली, "पूर्वी तू चोर ओळखायचीस. आता कोण अडलंय ते ओळखतेस. डोळा तोच आहे, वेडाबाई. जेव."

दोन वाट्या सूप प्याले.

१४ मार्च, शुक्रवार

फॉर्म फाडला. मॅनेजरबाईंना जाऊन सांगितलं, मी ग्राहक मदतमध्ये येते. त्यांनी खणातून एक पाटी काढली. 'ग्राहक मदत', आणि खाली चक्क माझं नाव. कागद जुना दिसत होता.

"ही कधी केलीत?"

"जानेवारीत. तुम्हाला आधी सांगितलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात, ताई."

मग ती यादी! म्हणजे मला पिळायला नव्हे... जाऊ दे. मी या बाईंबद्दल मागच्या पानांवर काय काय लिहून ठेवलंय, ते खोडायचं नाही. लक्षात राहिलेलं बरं.

३१ मार्च, सोमवार

शेवटचा चेक बेकरीवाल्या आजींचा. त्यांना आता फोन उत्तम येतो, पण म्हणाल्या, "तुला निरोप द्यायला लिहिला." सोबत केक. शाखेत सगळ्यांनी खाल्ला. मॅनेजरबाई पहिल्यांदाच पाच मिनिटं एका जागी बसल्या. यादीतले त्रेसष्टही पूर्ण झाले. शेवटचे गृहस्थ सव्वातीनला धापा टाकत आले.

चारला मशीनवाला ते मशीन घेऊन जायला आला. गाडीत चढवून झाल्यावर निघेना. पट्टा आवळ, सैल कर, परत आवळ. मी म्हटलं, "आता तुमची या बाजूला फेरी नाही होणार." तो म्हणाला, "नाही होणार." एवढंच. गेला.

रिकाम्या जागी फरशीचा चौकोन पांढरा दिसतो. मला वाटलं होतं टेबलासाठी वाईट वाटेल. टेबल तर आहे तिथेच आहे. मग हे काय आहे?

३ एप्रिल, गुरुवार

तीन दिवस सराव नाही. मीही पाठवले नाहीत. आता दोघांनाही येतं सगळं, सरावाची गरजच काय? फोन बिघडलाय का ते मात्र दोनदा तपासलं.

आई म्हणाली, "मशीन बिघडलंय की माणूस?"

म्हटलं, "कोणतं मशीन?"

आईने कपाळाला हात लावला.

५ एप्रिल, शनिवार

आईने आज कमाल केली. दुपारी घरातलं धुण्याचं मशीन बंद पडलं म्हणाली, आणि मी विचारायच्या आत माझ्या फोनवरून तिने मशीनवाल्याला निरोपही पाठवला. कॉफीचे पैसे, आणि कारण: 'धुण्याचं मशीन बंद. उद्या दुपारी जेवायला या. मुलीची आई.' माझी आई! जिने आयुष्यात फोनवर हॅलोच्या पुढे बटण दाबलं नव्हतं! म्हणाली, "तू रोज बडबडत शिकायचीस, मी काय कान बंद करून बसले होते?"

६ एप्रिल, रविवार

बारा वाजता तो आला. इस्त्रीचा शर्ट, हातात अवजारांची पेटी. थेट धुण्याच्या मशीनपाशी गेला. त्याने मागे वाकून बघितलं, वायर उचलली, प्लग खोचला. मशीन सुरू झालं. आईने प्लगच काढून ठेवला होता! मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. तो मात्र खाली बसला, पेटी उघडली आणि ठणठणीत मशीनचं मागचं झाकण खोलायला लागला.

मी स्वयंपाकघरात सूप ढवळत होते. बाहेर आईचा आवाज आला.

"हेही ठणठणीत निघालं. आता पुढच्या वेळी काय निमित्त काढणार?"

एक स्क्रू फरशीवर पडून घरंगळल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "निमित्तं संपली, आई."

"मग सरळ विचारा."

"तीन महिने विचारतोय. त्या म्हणतात, सराव चांगला झाला."

माझा हात थांबला. पाऊण तासाची झाकणं, दिव्याची मान, ठोकळ्याचे गोल कोपरे, मॅडम, निळा रंग. निळा रंग! एका टिंबावरून माणूस ओळखणारी मी. कान गरम झाले, आणि मग पोटातून हसू यायला लागलं, आवरेना.

सुपाची पळी हातात तशीच घेऊन बाहेर आले. तो स्क्रूड्रायव्हर धरून जमिनीवर बसला होता, मला बघून धडपडत उठला. आई खुर्चीत, शब्दकोडं उलटं धरून.

म्हटलं, "विचारा."

त्याने विचारलं. कोणत्या शब्दांत, ते इथे लिहिणार नाही. वाक्य तीनदा तुटलं, मध्ये एक शब्द चुकला, आणि एकदा तो माझ्याऐवजी पळीकडे बघून बोलला. मी ऐकत होते आणि आयुष्यात इतकी खरी गोष्ट माझ्यासमोर कोणी ठेवली नव्हती.

"हो," मी म्हटलं.

तेवढ्यात आत सूप फसफसून उतू गेलं. आम्ही दोघं पळालो. तो ओट्याखालून फडकं शोधतोय, मी शेगडी बंद करतेय, पायाखाली सूप, आणि दोघंही हसतोय. मी ओरडले, "आई, दुसरं फडकं दे गं!"

आई जागची हलली नाही. खुर्चीतूनच म्हणाली, "तुमचं तुम्ही बघा आता."